वन्सं ऐकतायत

आमच्या रुग्णालयातल्या सिस्टर त्या यंत्रणेला 'वन्सं' म्हणायच्या. सरकारी नाव होतं 'एकात्मिक रुग्णसुरक्षा विश्लेषण प्रणाली', आणि ते उच्चारता उच्चारता दम लागायचा. त्यापेक्षा नणंदेचं नातं सगळ्यांना पटलं. कुणाचं काय चुकलं ते न सांगता कळणारी, कळलेलं कधी न विसरणारी आणि वर गोड आवाजात सल्ला देणारी. वॉर्डात कुणी मोठ्यानं कुरकुरलं की एस्तेर सिस्टर छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "हळू बोला गं, वन्सं ऐकतायत."

त्या बिल्ल्यातच वन्संचे कान होते. आणि त्या कानांची देखभाल करणं हे माझं काम. मी केतकी देसाई, हिरण्यकेशीच्या काठच्या या रुग्णालयात माहिती विश्लेषक. सासर इथलंच, वाडीतलं.

वन्सं कशासाठी आल्या ते आधी सांगते, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. पूर्वी रुग्णालयात काही चुकलं, किंवा चुकता चुकता राहिलं, तर त्याची लेखी माहिती द्यायची पद्धत होती. ती देणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं, त्यामुळे कुणी देत नसे. वन्संना लेखी काही लागत नाही. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला तोंडी 'ओव्हर' देते, म्हणजे कुणाला काय दिलं, काय राहिलं ते सांगते. वन्सं ते ऐकतात, प्रत्येक वाक्याचे आकडे करतात आणि सारख्या अर्थाची वाक्यं एका ढिगात टाकतात. राज्यभरातल्या रुग्णालयांचे ढीग एकत्र झाले की जे कुणा एकाला दिसत नाही ते दिसायला लागतं. सोलापुरातली सिस्टर चुकीची बाटली उचलता उचलता थांबली, नंदुरबारची थांबली, आमची थांबली. प्रत्येकीला वाटलं, आपलीच नजर गेली. वन्संनी ढीग बघून सांगितलं की नजरा शाबूत आहेत, दोन औषधांची झाकणं एकाच रंगाची आहेत. झाकणांचे रंग बदलले आणि माणसं वाचली. हे मी आजही छातीठोकपणे सांगते. त्याच भरवशावर पुढे राहिलेल्या औषधाची आठवण देणं आणि सलाईनच्या पंपांचा वेग ठरवणंही वन्संकडे आलं.

सुरुवातीला गमती झाल्या. आमच्या भागातल्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. त्यामुळे वन्संना पहिले काही दिवस सगळ्या सिस्टर पुरुषच वाटल्या. एस्तेरला त्यांनी 'श्री. हिवाळे' केलं, तेव्हा ती आठवडाभर मिशीला पीळ देत हिंडली होती. मी ते दुरुस्त केलं आणि सगळे हसून विसरले.

मग नवा नियम आला. रुग्णालयं चुका लपवतात म्हणून नातेवाईक तोडफोड करतात, तेव्हा लपवायचंच नाही, असा विचार मुंबईत कुणीतरी केला. रुग्ण दगावला की वन्संचा निष्कर्ष थेट नातेवाइकांच्या फोनवर जायचा. वर ठळक अक्षरात 'कुणालाही दोष देण्याच्या हेतूने नव्हे' आणि खाली माणसाचं नाव. हे डोकं कुणाचं, ते देव जाणे.

माझा धाकटा दीर इंद्रजित पैलवान होता. घरात सगळे त्याला इंद्रा म्हणायचे. मैदान तोंडावर आलं होतं आणि त्याचं वजन गटात बसत नव्हतं. म्हणून त्यानं जेवण सोडलं, अंगावर घोंगडी घेऊन घाम काढला आणि कुणीतरी दिलेल्या, लघवी करवणाऱ्या गोळ्या खाल्ल्या. अंगातलं पाणी गेलं आणि पाण्याबरोबर पोटॅशियम गेलं. सकाळी अंथरुणातून उठायला गेला तर पाय हलेनात. मी आणि माझा नवरा संग्राम त्याला गाडीत घालून आमच्याच रुग्णालयात घेऊन आलो.

हृदयाचा ठोका पोटॅशियमच्या जिवावर चालतो. ते कमी झालं तर ठोका अडखळतो, जास्त झालं तर थांबतो. म्हणून ते सलाईनच्या बाटलीत मिसळून सावकाश देतात. घाबरण्यासारखं काही नव्हतं.

"काय पैलवान," एस्तेरनं शीर शोधता शोधता विचारलं, "मैदान मारणार आणि सुईला भिणार होय?"

"सुई कुठं पाठीवर पडती, सिस्टर? म्हणून भ्यातोय," इंद्रा म्हणाला. मग माझ्याकडे वळून हळूच, "वैनी, आईला गोळ्यांचं सांगू नगंस हं."

हेच त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दुपारी एस्तेरनं ओव्हर दिली आणि ती मागच्या क्वार्टर्समध्ये जेवायला गेली. ऊन कलायला लागलं तेव्हा वॉर्डातून घंटा वाजली. डॉक्टर धावले. इंद्राच्या छातीवर चढून दाबताना एक बरगडी मोडल्याचा आवाज दारापर्यंत आला. संग्राम दारात उभा राहून ओरडत होता, "हळू रं, हळू, दुखतंय त्याला!"

दुखण्याच्या पलीकडे गेला होता तो.

सासूबाईंना अजून कुणी सांगितलं नव्हतं, एवढ्यात संग्रामचा फोन वाजला. त्यानं तो वाचला, परत वाचला आणि माझ्यापुढे धरला.

'मृत्यूचे संभाव्य कारण: पोटॅशियमचा अतिरेक. परिचारिका एस्तेर हिवाळे यांनी औषध दिलेले असताना दिले नाही असे सांगितले. त्यामुळे ते पुन्हा दिले गेले. खात्री: अतिशय उच्च.'

"खोटं बोलली?" त्यानं विचारलं.

"संग्राम, थांब जरा. मला बघू दे आधी."

"काय बघतीस? तूच म्हणतीस न्हवं, आमचं मशिन चुकत न्हाई म्हणून? चार पाव्हण्यांत बसून सांगतीस." त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. तो जिना उतरत गेला आणि उतरता उतरता तो निष्कर्ष तालमीतल्या पोरांना पाठवून फोन लावला.

मी पळत माझ्या खोलीत गेले. ती वॉर्डाच्या शेजारीच, सिस्टरांच्या टेबलामागे. वन्संनी निष्कर्ष कसा काढला त्याच्या पायऱ्या उलट्या चढत गेले. पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं: पोटॅशियम, सकाळची पाळी, वगळले. औषध राहिलंय असं समजून वन्संनी, जिनं ती ओव्हर स्वतः ऐकली नव्हती अशा उशिरा आलेल्या सिस्टरला, दुसरी बाटली लावायला सांगितली. पहिली बाटली त्यांच्या लेखी साध्या सलाईनची, म्हणून तिच्या पंपाचा वेगही त्यांनी वाढवून दिला. दोन्ही बाटल्यांत पोटॅशियम होतं आणि दोन्ही एकदम गेल्या.

मग मी एस्तेरचा आवाज लावला. ती घाईत होती, भूक लागली होती, पण शब्द स्पष्ट होते.

"इंद्रजित देसाई. पोटॅशियम सोडलंय. बाकी काय नाही."

मी ते परत लावलं. सोडलंय! बाटलीत सोडलंय, सुईनं सोडलंय. इथली कुठलीही बाई हेच म्हणेल. पण वन्सं इथल्या नव्हत्या, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे त्या फक्त चुकांवर वाढल्या होत्या. त्यांना शिकवायला राज्यभरातले अपघात वापरले होते आणि अपघाताच्या कहाणीत 'सोडलं'चा अर्थ एकच असतो. डोस सोडला, गोळी सोडली, बघायचं सोडून दिलं. औषध नीट दिलं तर त्याची तक्रार कोण कशाला करील? लाखो सिस्टरांनी लाखो वेळा बरोबर सोडलेलं औषध वन्संच्या कानावर कधी घातलंच गेलं नव्हतं. चूक ऐकायला बसवलेल्या कानाला त्या वाक्यात चूकच ऐकू आली. मग मृत्यू झाल्यावर त्याच कानानं एस्तेरला खोटारडी ठरवलं.

खाली काच फुटली.

अधीक्षक डॉक्टर हेरवाडकर माझ्या खोलीत घुसले आणि त्यांनी आतून कडी घातली. त्यांच्या कपाळातून रक्त ओघळत होतं. मी त्यांना आवाज ऐकवला. ते लगेच समजले, माणूस हुशार.

"हे बाहेर जाता कामा नये," ते म्हणाले.

"सर, लोक एस्तेरला मारायला आलेत. चुकीचा निष्कर्ष मागे घ्यायला तुमची मंजुरी लागते. अंगठा द्या इथं."

"अंगठा दिला की रुग्णालयानं मारलं असं होईल. आज एकटीवर आहे, उद्या सगळ्यांवर येईल. पोलीस निघालेत. तोवर गप्प बसा."

मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यांनी अंगठा मुठीत दाबून धरला होता, लहान मूल गोळी लपवतं तसा.

बाहेर टोळी वर आली होती. काचेच्या झरोक्यातून मला सगळं दिसत होतं. आधी त्यांनी कॅमेरे फोडले. पहारेकऱ्याला दोघांनी धरलं आणि तिसऱ्यानं त्याच्या तोंडावर ऑक्सिजन सिलिंडरची लोखंडी चावी हाणली, दात फरशीवर सांडले. शिकाऊ डॉक्टर पोरगी हात जोडत होती, तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. पंप उपटून खिडकीतून फेकले. ज्यांना चालता येत होतं ते रुग्ण पळाले, येत नव्हतं ते खाटांखाली गेले. एका म्हातारीची सलाईनची नळी तशीच ताणली जाऊन हातातून निसटली आणि ती रक्ताळलेला हात उराशी धरून रामनाम घेत बसली. ही पोरं मी ओळखत होते. माझ्या हातचं जेवलेली होती.

आणि एस्तेर? ती पळून जाऊ शकली असती. तिला फक्त पैलवान गेला एवढं कळलं होतं, म्हणून ती क्वार्टर्समधून धावत मागच्या जिन्यानं वर आली. सगळ्यांच्या फोनवर तिचं नाव होतं आणि ते नाव तिच्या बिल्ल्यावरही होतं.

"हीच ती!"

ती चादरींच्या खोलीत शिरली आणि दार लावायला गेली. तिची बोटं दारात असताना त्यांनी दार दाबलं. ती किंकाळी मला अजून ऐकू येते. तिला फरफटत बाहेर आणली, बिल्ला ओरबाडून पायाखाली चिरडला, आणि लाथा सुरू झाल्या. ती पोट धरून ओरडत होती, "काय केलं मी? सांगा तरी काय केलं!"

संग्राम गर्दीतून पुढे आला. त्याच्या हातात सलाईनचा लोखंडी स्टँड होता.

मी कडीला हात घातला. हेरवाडकरांनी माझं मनगट पिरगाळलं. मी त्यांच्या हाताला कडकडून चावले आणि कडी काढली. जाण्याआधी वॉर्डातल्या सगळ्या भोंग्यांवर एस्तेरचा आवाज लावून दिला, परत परत वाजेल असा.

"इंद्रजित देसाई. पोटॅशियम सोडलंय. बाकी काय नाही."

त्या गदारोळात पहिल्यांदा कुणाचं लक्ष गेलं नाही. मी एस्तेरपर्यंत पोचले आणि तिच्या अंगावर आडवी पडले. कुणाची तरी लाथ माझ्या कमरेत बसली. "ऐका!" मी ओरडले. "ती काय बोलली ते ऐका! मशिननं चुकीचं ऐकलंय!"

"पोटॅशियम सोडलंय. बाकी काय नाही."

टोळीच्या मागे तालमीचे बाबू वस्ताद उभे होते. पोरांना आवरायला आले होते, पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. आता तेच मोठ्यानं म्हणाले, "आरं सोडलंय म्हंजे बाटलीत सोडलंय की! दिलंय म्हनत्या ती बाय. खोटं कुटं बोलल्या?"

लाथा थांबल्या. एकेक जण भोंग्याकडे बघायला लागला. अर्थ सांगायची कुणालाच गरज नव्हती, सगळे याच मातीतले. एका पोरानं हातातली सळी हळूच खाली ठेवली.

"पोटॅशियम सोडलंय."

संग्राम माझ्यासमोर उभा होता, स्टँड डोक्यावर उचललेला. मी त्याच्याकडे बघितलं. एखादी गोष्ट कळली की तो खालचा ओठ आत ओढतो. लग्न झाल्यापासून बघत आलेय मी. त्यानं ओठ आत ओढला. त्याला कळलं होतं. त्याच्या डोळ्यांत मला ते लख्ख दिसलं, आणि मी एस्तेरच्या अंगावरून जरा बाजूला सरले, तिला उठवायला.

तेव्हा त्यानं स्टँड खाली आणला. एकदा नाही. त्याच्या भावाच्या मरणाला कुणीतरी जबाबदार पाहिजे होतं आणि आता समोर कुणीच उरलं नव्हतं. हे मी नंतर लावलेलं कारण. त्या क्षणी मला फक्त तिचं डोकं दिसत होतं, आणि त्याचं काय झालं ते.

पोलीस आले. एस्तेर कोल्हापूरच्या वाटेवर गाडीतच गेली.

पुढच्या दिवसांत बरीच धावपळ झाली. मुंबईहून मंडळी आली, वन्संचे कान तात्पुरते बंद झाले, चूक मान्य झाली. राज्यभर सूचना गेली की परिचारिकांनी ओव्हर देताना 'सोडणे' हे क्रियापद वापरू नये. माणसांनी आपली भाषा सोडायची, पण यंत्राला रोजचं, बरोबर चाललेलं काम ऐकवायचं कुणाला सुचत नाही. मी तसं लेखी कळवलं. आता ऐकवतात म्हणे.

संग्राम कोठडीत होता. वकिलांनी घरी येऊन समजावून सांगितलं की सगळा खटला एका गोष्टीवर उभा आहे. मारलं आधी आणि आवाज ऐकला नंतर, तर यंत्रानं दिलेल्या खोट्या माहितीमुळे भान सुटलेला भाऊ. शिक्षा होईल, पण थोडकी. ऐकून, समजून मग मारलं असेल तर सरळ खून. कॅमेरे फुटले होते, बिल्ला चिरडला होता. तालमीतल्या पोरांनी एकमुखानं 'आधी मारलं' असं सांगितलं होतं. बाबू वस्ताद मागे होते, त्यांना हात दिसला नव्हता. रुग्णालयातली बाकी माणसं पळालेली किंवा लपलेली, समोर फक्त मी होते.

वकील गेल्यावर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी चुलीजवळ पाऊल टाकलं नव्हतं.

"केतकी, मी तुला कवा काय मागितलं न्हाई."

"नाही, आत्या."

"एक गेला. तुझ्या मशिननं नेला, तरी मी तुला बोललो न्हाई. बोललो का?"

"नाही."

"मग माजा दुसरा तरी ऱ्हाऊ दे. लांब काय सांगायचं न्हाई. आवाज नंतर आला म्हन. एवढंच."

एवढंच. दोन गोष्टींची फक्त जागा बदलायची. मी खोलीत जाऊन संग्रामचे शर्ट घड्या घालून ठेवले, परत उलगडले, परत घातले. माझा नवरा वाईट माणूस नव्हता. तापात माझे पाय चेपणारा, आईला डोक्यावर घेऊन नाचणारा, भावासाठी जीव टाकणारा. मला तो हवा होता. हे मी कुणापासून लपवत नाही, मला तो घरी हवा होता. आणि एस्तेरची म्हातारी आई चर्च गल्लीत दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, माझी पोर खोटं बोलली का हो?

चौकीवर जबाब घेणाऱ्या फौजदारबाई वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला.

"घाई नाही, ताई. भोंग्यावरचा आवाज ऐकल्यावर त्यांनी मारलं, की मारल्यावर आवाज आला?"

"आधी ऐकला," मी म्हणाले.

"नक्की?"

"आधी ऐकला. त्याला समजला. मग मारलं."

त्यांनी लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि मी सही केली.

बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काही विचारावं लागलं नाही. त्या उठल्या, पायातली चप्पल काढली आणि मला मारायला लागल्या. तोंडावर, खांद्यावर, डोक्यावर, जिथं बसेल तिथं. हवालदार धावले, मी त्यांना हातानं थांबवलं. मारता मारता आत्यांचा दम गेला. चप्पल हातातून पडली. त्या खाली कोसळायच्या आत मी त्यांना दोन्ही हातांनी धरलं, आणि त्या माझ्या खांद्यावर कपाळ आपटत रडत राहिल्या.